गीत जुने, रोख नवा : बंडाच्या गीतांचे गायन आणि गाणाऱ्याचे उत्तरदायित्व

म्हैसूर शहरातील कुवेंपुनगर ही वस्ती एका कवीच्या नावाने ओळखली जाते. कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा ऊर्फ कुवेंपु (१९०४–१९९४) यांच्या ज्या गीताला कर्नाटक शासनाने २००४ साली राज्यगीताचा मान दिला, त्या गीतात कर्नाटकभूमीला भारतमातेची कन्या म्हणून वंदन केलेले आहे. त्यात आचार्य आहेत, राजे आहेत, पंप आणि रन्न आहेत, कबीर आणि नानकही आहेत. शत्रू मात्र कोठेही नाही. अशा वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी महाराष्ट्र दिनाच्या निमित्ताने गाण्यांचा एखादा कार्यक्रम योजला आणि त्यात अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड गावयाचे ठरविले, तर ती कोठपर्यंत गावी? विरहाच्या भागापाशी थांबावे, की बेळगाव-कारवारचा उल्लेख येतो त्या शेवटापर्यंत जावे? हा प्रश्न संयोजकांच्या सोयीचा म्हणून सोडून देण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो वाङ्मयाच्या नीतीचा प्रश्न होय. आणि तो केवळ म्हैसूरपुरता नाही. जेथे जेथे एका काळचे बंडाचे गीत दुसऱ्या काळी, दुसऱ्या श्रोत्यांपुढे गाइले जाते, तेथे तेथे तो उभा राहतो.

या बाबतीत दोन मते सामान्यपणे ऐकू येतात. पहिले असे, की ज्या लढ्यातून गीत जन्मले तो लढा संपला. गीत इतिहासजमा झाले. आता ते कोणीही, कोठेही, कसेही गावे. दुसरे असे, की ज्या गीतात कोणाविषयी तरी रोष आहे ते त्याच्या दारात गाऊ नये, कारण त्याने शेजारधर्म मोडतो. पहिल्या मताने गीताला निर्जीव मानले, दुसऱ्याने केवळ ज्वालाग्राही मानले. बंडाचे गीत म्हणून जो रचनाप्रकार मराठीत रुजला त्याची घडण पाहिली, तर दोन्ही मते अपुरी ठरतात. त्यासाठी १९०९ सालच्या नाशिकपर्यंत मागे जावे लागते.

'लघु अभिनव भारत माला' या नावाने गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांनी काही कविता प्रसिद्ध केल्या. त्यांत कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, यांची रचना होती. या कवितांबद्दल बाबारावांवर राजद्रोहाचा आणि सरकारविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचा आरोप ठेवण्यात आला आणि जून १९०९ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी कायम केली. कवितांत बोलणे होते ते देवादिकांविषयी आणि शिवाजीसारख्या वीरांविषयी. न्यायमूर्ती नारायण चंदावरकर यांच्या निर्णयाचा आशय असा, की देवांची आणि वीरांची नावे हे निमित्तमात्र आहे. उपदेश आहे तो चालू सरकारविरुद्ध शस्त्र धरण्याचा.

कवितेसाठी जन्मठेप देणारा हा निर्णय अन्यायाचा होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु काव्यार्थाचा निर्णय म्हणून तो चुकीचा होता, असे म्हणता येत नाही. अभिनव भारताच्या तरुणांनी त्या कवितेचा जो अर्थ घेतला, तोच अर्थ न्यायासनाने घेतला. नाव जुने ठेवावयाचे आणि रोख नवा साधावयाचा, हा या रचनाप्रकाराचा प्राणच आहे. अफझलखान म्हटले की श्रोत्याने आजचा खान ओळखावयाचा असतो. सावरकरांच्या सिंहगडाच्या पोवाड्यावर ब्रिटिश सरकारने बंदी घातली, तेव्हा तानाजी पडून सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली होती. सरकारला भय १६७० सालच्या लढाईचे नव्हते.

त्या प्रकरणातील आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते. शिक्षा झाली ती कविता प्रसिद्ध करणाऱ्याला. गीत जोवर वहीत आहे तोवर ते रचणाऱ्याचे. एकदा ते चार लोकांत पसरले की त्याच्या परिणामाचा धनी ते पसरविणारा होतो, हे कायद्याने आपल्या क्रूर पद्धतीने ओळखले होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्यामागे बाबारावांना झालेल्या शिक्षेचा संताप होता. कान्हेरे आणि त्यांचे दोन सहकारी १९१० च्या एप्रिलमध्ये फासावर गेले. कवितांचे एक लहानसे पुस्तक आणि तीन फाशी यांच्यामध्ये एवढे थोडे अंतर होते. आज सभागृहात दिवे मंद करून, वाद्यवृंदाच्या साथीने हीच गीते सादर होतात, तेव्हा हे अंतर कोणाच्या ध्यानी असते?

प्रश्नाचे दुसरे अंग गायनाच्या रीतीत आहे. भावगीत ऐकणारा श्रोता एकटा असतो. शेजारी कोणी बसला आहे याचे त्याला भान नसले तरी चालते. शाहिरीचे तसे नाही. डफ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने शाहीर ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात, आणि 'जी जी' म्हणून तिला होकार देतात. झीलकरी हे श्रोत्यांचे प्रतिनिधी असतात. त्यांच्या तोंडून सारा समुदाय होकार भरीत असतो. जो पोवाडा ऐकतो तो त्यावर एका अर्थी सही करतो. श्रोत्याला बसल्या जागी पक्षकार करून घेण्याची ही शक्ती कीर्तनातही आहे, परंतु तेथे होकार ईश्वराच्या नामाला असतो. पोवाड्यात तो एका पक्षाला असतो, आणि पक्ष म्हटला की प्रतिपक्ष आलाच. म्हणून गाणाऱ्याने केवळ आपल्या गळ्याचा हिशेब देऊन भागत नाही. आपल्या ओळीला ज्यांनी 'जी' म्हटले त्यांच्या मनात प्रतिपक्षाच्या जागी त्या क्षणी कोण बसले, याचाही हिशेब त्याच्याकडे निघतो.

स्वातंत्र्यानंतर ही जागा रिकामी झाली, असे समजण्यात आले. ती फार काळ रिकामी राहिली नाही. भाषावार प्रांतरचनेच्या वादात मुंबईसह महाराष्ट्र नाकारला गेला आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या आंदोलनात शाहिरी पुन्हा तळपली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे लाल बावटा कलापथकापासूनचे सोबती त्यात अग्रभागी होते. एक मातंग समाजातला, वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला. दुसरा बार्शीकडचा मुसलमान गिरणी कामगार. या त्रिकुटाची बैठक कामगार चळवळीची होती, हे विसरून त्यांच्या प्रांतिक गीतांचा अर्थ लागत नाही. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, बंगालच्या दुष्काळावर रचना केली, फाळणीच्या दंग्यांवर लिहिले, मुंबईतील विषमतेवर लावणी लिहिली. या सगळ्या रचनांत वैरी आहे; परंतु तो कोठेही एखादा भाषिक समाज नाही.

'माझी मैना' या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. छक्कड हा लावणीच्या कुळातील प्रकार. शृंगार आणि विरह हे त्याचे नेहमीचे विषय. अण्णा भाऊंनी तो घाट जसाच्या तसा स्वीकारला. पोटासाठी मुंबईला निघालेला एक तरुण, गावी मागे राहिलेली त्याची मैना, तिच्या रूपाचे लाडके वर्णन, निरोपाची घडी: येथपर्यंत गीत परंपरेच्या वाटेने चालते. मग मुंबई येते. येथे मुंबई हे स्वप्नांचे नगर नाही. एकीकडे श्रीमंती आणि दुसरीकडे बेकारांची गर्दी असलेले ते शहर आहे, आणि विरही नायक हा त्या गर्दीतला एक आहे. त्याच्या विरहाचे कारण दैव नाही, दुरावा नाही, सासूनणंद नाही, पोट आहे. विरहाला असे आर्थिक कारण देणे ही या रचनेची मोठी कामगिरी होय, आणि मराठी लावणीच्या इतिहासात तिची नोंद व्हावी तशी झालेली नाही. त्यानंतर, अगदी अखेरीस, उपमा उलटते. जशी मैनेची आणि त्याची भेट होत नाही, तशीच गत खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्यांच्या मालकीचे होऊन बसले. स्त्रीच्या ठिकाणी भूमी येते.

हे वळण इतके सहज आहे की त्यातील धोका प्रथम जाणवत नाही. मैना आणि भूमी यांचे एकरूप झाले की 'दुसरा' कोण, हा प्रश्न आपोआप निघतो. गीताच्या पहिल्या भागाने त्याचे उत्तर देऊन ठेवलेले आहे: ज्या व्यवस्थेने नायकाला मुंबईला पाठविले, तीच व्यवस्था प्रांतांच्या सीमा आपल्या सोयीने आखते. मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरून उभे असलेले दोन पुतळे शेतकऱ्याचे आणि कामगाराचे आहेत. गीताचा नायक या दोघांच्या मधला आहे, एकाचा दुसरा होत असलेला. परंतु पहिला भाग गाळला की उत्तर नाहीसे होते आणि केवळ प्रश्न उरतो. मग श्रोता आपल्या हाताशी असलेले उत्तर त्या जागी घालतो. ते उत्तर बहुधा शेजाऱ्याचे असते.

म्हणून कार्यक्रमांतून या गीताची जी कापाकापी होते ती केवळ वेळेच्या बचतीची बाब मानता येत नाही. लोकसंगीताच्या मैफलीत पुष्कळदा मैनेच्या रूपाचा भाग तेवढा राहतो. गीत गोड होते आणि बेकार नायक अदृश्य होतो. सीमाप्रश्नाच्या सभेत अखेरचा भाग गर्जून म्हटला जातो, त्यावर घोषणा होतात, आणि नायक तेथेही अदृश्य होतो. या दोन प्रकारांपैकी अधिक आक्षेपार्ह कोणता, हे ठरविणे कठीण आहे. पहिल्याने गीताचे दात काढले. दुसऱ्याने दात ठेवले आणि बाकीचे शरीर टाकून दिले. निवेदकांविषयी येथे दोन शब्द अप्रस्तुत होणार नाहीत. दोन गीतांच्या मध्ये उभे राहून मराठी बाण्याविषयी चार टाळ्यांची वाक्ये टाकणे ही आजच्या कार्यक्रमांची रूढी झाली आहे, आणि शाहिराने जेथे संयम राखला तेथे तो मोडण्याचे काम ही वाक्येच करतात.

गाणे राज्याच्या हाती गेले म्हणजे त्याचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गाजविलेले महाराष्ट्रगीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. त्यासाठी दोन चरण निवडण्यात आले आणि एक मिनिट एकेचाळीस सेकंदांचा अवधी ठरला. कर्नाटकाने २०२२ साली कुवेंपुंच्या गीतासाठी म्हैसूर अनंतस्वामी यांची चाल आणि अडीच मिनिटांचा अवधी निश्चित केला होता. शासनाला गीत घड्याळाने मोजावे लागते, त्याला इलाज नाही. परंतु शाहिराच्या गळ्यातून सत्तेला उद्देशून निघालेला आवाज सत्तेच्या समारंभात उभे राहून ऐकावयाचा झाला, की त्याचे व्याकरण बदलते. तेथे प्रतिपक्षाची जागा सत्ता स्वतः भरू शकत नाही. मग ती कोणाला तरी द्यावी लागते.

आता ज्या भूमीचा या छक्कडीत उल्लेख आहे तिच्याकडे वळावयास हवे. कारण तेथे बंडाचे गीत एकाच भाषेचे राहिलेले नाही. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात. 'होमरूल' हा शब्द आयर्लंडचा. आणि ज्या आठवड्यात तो बेळगावच्या परिषदेत गाजत होता, त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता. टिळकांच्या लीगच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र होता तसा कर्नाटकही होता. पुढे १९२४ साली बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे हुयिलगोळ नारायणराव यांनी रचलेले कन्नड नाडूच्या उदयाचे गीत गाइले गेले, आणि अवघ्या अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल यांचा स्वर त्या अधिवेशनात ऐकू आला. कन्नड एकीकरणाच्या चळवळीने हे गीत पुढे आपले मानले. म्हणजे मराठी मनाने जे शहर विरहाचे प्रतीक केले, तेच शहर कन्नड मनाला आपल्या पहाटेचे स्थान वाटते. दोन्ही गीते खंडित भूमीविषयी आहेत. दोन्हींना आपापले तुकडे एक करावयाचे आहेत. आणि तुकडा एकच आहे.

याहून बोलके उदाहरण द. रा. बेंद्रे यांचे. धारवाडचे हे कवी मराठी घरातले. कन्नडचे ते वरकवी झाले, 'नाकुतंती' या संग्रहासाठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि मराठीतही त्यांनी लेखन केले. 'नरबलि' या कन्नड कवितेबद्दल ब्रिटिश सरकारने त्यांना १९३२ च्या सुमारास तुरुंगात टाकले. तो तुरुंग बेळगावजवळचा हिंडलगा. पुढे सीमालढ्यातील मराठी सत्याग्रहीही याच परिसरातील तुरुंगांनी पाहिले. मराठी मातृभाषेचा कवी, कन्नड बंडाचे काव्य, आणि बेळगावचा तुरुंग! सीमाप्रश्नावर बोलणाऱ्या कोणत्याही बाजूच्या वक्त्याच्या तोंडी बेंद्र्यांचे हे प्रकरण क्वचितच येते. ते दोन्ही बाजूंना गैरसोयीचे आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला, तो महाराष्ट्राने नाकारला. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध बेळगाव भागात आंदोलन झाले आणि त्यात माणसे मेली. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. म्हैसूरचे मैसूरु झाले तेही त्याच दिवशी. (मराठीत 'म्हैसूर' लिहिले तर कोणी हरकत घेत नाही, 'बेळगाव' हा शब्द मात्र तेव्हापासून एक विधान होऊन बसला आहे.) बेळगावातील मराठी माणूस 'माझी मैना' गातो तेव्हा शाळेची पाटी, सरकारी कागद, सातबाऱ्याची भाषा हे सारे त्या गीतात असते. तो अल्पसंख्य आहे; त्याचा रोष सत्तेकडे जातो आणि त्याची किंमत तो स्वतः मोजतो. त्याच्या गाण्याला नीतीचे धडे देण्याचा अधिकार पुण्या-मुंबईच्या समीक्षेला नाही.

पुण्या-मुंबईत तेच गीत गाणाऱ्याची स्थिती अगदी वेगळी असते. तेथे मराठी बहुसंख्य आहेत आणि राज्य मराठी आहे. तेथे गीताचा रोष जातो कोठे? फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबईत दंगल उसळली, तेव्हा तिची झळ ज्यांना लागली त्यांत पोटासाठी मुंबईला आलेले कन्नड भाषिक होते. बंगळूरच्या विधानसभेत बसणाऱ्यांना ती लागली नाही. त्या कन्नड माणसाची मैनाही कोठेतरी गावावर राहिलेलीच होती. अण्णा भाऊ त्याच वर्षी जुलैत गेले. त्यांच्या गीताने ती दंगल पेटली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या मनोभूमीवर गिरणीतला बेकार नायक पुसला जाऊन केवळ 'दुसरा' उरला, ती तयार करण्यात अर्धवट गाइलेल्या गीतांचा वाटा नव्हता, असेही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

आयर्लंडमध्ये हा प्रश्न अधिक उघडपणे चर्चिला गेला आहे. १९१६ च्या उठावानंतर गोळ्या घातल्या गेलेल्यांत पॅट्रिक पिअर्स, टॉमस मॅकडोना आणि जोसेफ प्लंकेट हे कवी होते. येट्सने १९०२ साली लेडी ग्रेगरीच्या साहाय्याने लिहिलेल्या नाटकात आयर्लंड एका वृद्धेच्या रूपाने येते आणि तरुणांना घराबाहेर बोलावते. आयुष्याच्या अखेरीस एका कवितेत त्याने स्वतःलाच विचारले, की आपल्या त्या नाटकाने काही माणसे मृत्यूकडे धाडली काय? भूमी स्त्री झाली म्हणजे काय घडू शकते, हे येट्सला उशिरा का होईना, छळत राहिले. मराठीत भूमीला माय, मैना, राणी करणारे कवी पुष्कळ झाले. हा प्रश्न स्वतःला विचारणारे विरळा.

अलीकडची एक घटना याहून साधी आहे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ग्लासगो येथे स्कॉटलंडला हरवून आयर्लंडचा महिला फुटबॉल संघ प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला. आनंदाच्या भरात खेळाडूंनी एका लोकप्रिय गीताचा घोष केला. गीत मुळात ग्लासगोच्या सेल्टिक संघाविषयी १९८० च्या दशकात रचलेले. त्यात भिंतीवर रंगविलेली, आयरिश रिपब्लिकन आर्मीचा जयजयकार करणारी घोषणा येते. चित्रफीत पसरली, त्या संघटनेच्या हिंसेत ज्यांची माणसे गेली त्यांनी दुःख व्यक्त केले, मार्गदर्शिकेने व खेळाडूंनी क्षमा मागितली, आणि युरोपीय फुटबॉल संघटनेने आयरिश संघटनेला वीस हजार युरो दंड केला. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराच्या वेळी त्यांतील पुष्कळ खेळाडू लहान मुली होत्या. त्यांच्या मनात कोणाविषयी द्वेष असेल, असे त्यांच्या टीकाकारांनीही फारसे म्हटले नाही. अडचण नेमकी येथेच आहे. गाणाऱ्याच्या मनात काहीच नव्हते. ऐकणाऱ्याच्या मनात एक मृतदेह होता. दंडाने तो प्रश्न सुटला असे नाही, आणि दंड करणाऱ्यांना तो समजला होता, असेही दिसत नाही.

निर्हेतुकपणा हा बचाव शाहिरीत तर मुळीच चालत नाही. कारण ज्यांच्यासाठी हे गाणे अजूनही जोखमीचे आहे ती माणसे आपल्यातच आहेत. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. कबीर कला मंचाच्या कलावंतांवर बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली आरोप ठेवण्यात आले. त्यांतील शीतल साठे आणि सचिन माळी हे २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधानभवनापाशी गाणे गात पोलिसांच्या स्वाधीन झाले. ही शरणागती नसून सत्याग्रह आहे, अशी त्यांची भूमिका होती. साठे यांना त्याच वर्षी जामीन मिळाला. माळी यांना सर्वोच्च न्यायालयाकडून तो मिळण्यास २०१७ साल उजाडले. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे. समीक्षेच्या कक्षेत येते ती एवढीच गोष्ट, की ज्या राज्यात १९५६ ची शाहिरी ध्वनिफितींवर आणि शासकीय मंचांवर निर्धोक झाली, त्याच राज्यात डफ हाती घेणे काहींना वर्षानुवर्षे महाग पडले. अण्णा भाऊंचे टपाल तिकीट २००२ साली निघाले. त्यांच्या लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर एके काळी मुंबई सरकारने बंदी घातली होती. जुने बंड गाताना गाणाऱ्याला जी सुरक्षितता लाभते ती कोणाच्या तरी पदरची आहे, हे त्याला ठाऊक असावे, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

मग कुवेंपुनगरातील तो कार्यक्रम? तेथील मराठी माणूस बेळगावकरासारखा वादग्रस्त भूमीवर राहत नाही, आणि मुंबईकरासारखा बहुसंख्यही नाही. म्हैसूरला मराठी बोलणारी काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. काहीजण नोकरीच्या निमित्ताने आले आणि राहिले. त्याची मुले शाळेत कन्नड शिकतात आणि १ नोव्हेंबरला कुवेंपुंचे गीत उभे राहून म्हणतात. त्याने 'माझी मैना' गाऊ नये, असे म्हणणे म्हणजे त्याच्याकडून त्याच्या भाषेतील एक श्रेष्ठ विरहगीत काढून घेणे. त्याने ते विरहाच्या भागापाशी थांबवावे, हा सल्ला सौजन्याचा वाटतो खरा. परंतु शेजाऱ्याला अण्णा भाऊंपासून वाचविण्याची गरज आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि त्यात दोघांचाही अपमान आहे. गीत सगळे गावे. निवेदन नसावे, किंवा असलेच तर ते कन्नडमध्ये असावे, आणि मुंबईतल्या बेकारीपासून त्याची सुरुवात व्हावी. त्याच कार्यक्रमात बेंद्र्यांची एखादी कन्नड कविता म्हटली गेली तर ती सौजन्याची भरपाई म्हणून नसावी. हिंडलग्याच्या भिंती दोन्ही भाषांनी पाहिल्या आहेत म्हणून असावी.

शेजारचे कन्नड गृहस्थ पहिल्या रांगेत बसलेले आहेत, अशी कल्पना केली तर पुढचे फारसे अवघड नाही. मुंबईच्या गिरणगावात, बंदरात, खानावळींत कर्नाटकातून गेलेली माणसे होती. गुलबर्गा-विजापूर भागातून कामासाठी माणसे आजही बाहेर पडतात. गाव सोडून निघालेल्या तरुणाचा निरोप त्यांना भाषांतरावाचून कळेल. मग गावांची नावे येतील, आणि त्यांतील दोन त्यांच्या ओळखीची असतील. गाणाऱ्याचा आवाज तेथे चढतो की उतरतो, हे ते ऐकतील. नंतर चहाच्या वेळी ते बेळगावविषयी विचारतील, कदाचित हुयिलगोळ नारायणरावांच्या गीताचा विषय काढतील. त्यांना उत्तर देता येईल एवढी तयारी करूनच गाणाऱ्याने डफ हाती घेतलेला असावा.